पोटात दुखतंय, पण नेमकं कुठे? जठराची जागा माहीत असणं का गरजेचं आहे

अंधेरी असो की मुलुंड, स्टेशनबाहेरच्या मेडिकलच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "दादा, पोटात जळजळ होतेय, काहीतरी द्या." समोरून प्रश्न येतो, "ॲसिडिटी की गॅस?" मग एखादी गोळी किंवा पाण्यात टाकायची पुडी मिळते आणि माणूस लोकल पकडायला धावतो.

पण असं सांगणाऱ्यांचा हात कुठे असतो ते पाहिलं, तर गंमत लक्षात येते. कुणी बेंबीवर हात ठेवतं, कुणी डाव्या बरगडीखाली, तर कुणी थेट छातीच्या मधोमध. तिघंही सांगतात मात्र 'पोट'. ही नुसती शब्दांची गफलत असती तर प्रश्न नव्हता. पण याच गफलतीमुळे काही वेळा साधी जळजळ म्हणून अंगावर काढलेलं दुखणं हृदयाचं निघतं. म्हणूनच आपलं जठर असतं कुठे, दिसतं कसं आणि त्याच्या शेजारी कोणकोण राहतं, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पोट आणि जठर एकच का?

नाही. मराठीत 'पोट' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे छातीखालपासून ओटीपोटापर्यंतचा शरीराचा पूर्ण भाग. दुसरा म्हणजे अन्न साठवणारी पिशवी. या पिशवीचं खरं नाव जठर. आयुर्वेदात तिला आमाशय म्हणतात.

पोटाच्या पोकळीत जठराशिवाय लहान आतडं, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, प्लीहा आहेत आणि मागच्या बाजूला स्वादुपिंड व मूत्रपिंडं आहेत. त्यामुळे "पोट दुखतंय" हे वाक्य डॉक्टरांसाठी "मी मुंबईत आहे" या वाक्यासारखं असतं. मुंबईत म्हणजे बोरिवलीत की घाटकोपरमध्ये, हे कळल्याशिवाय पुढे काही करता येत नाही.

मग जठर नेमकं कुठे असतं?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच वर आणि डावीकडे. ही जागा स्वतःच्या शरीरावर बोटाने शोधता येते.

छातीच्या मधोमध असलेल्या हाडावरून बोट खाली आणा. हाड संपतं तिथे एक खळगा लागतो. जठराचा बराचसा भाग या खळग्याच्या मागे आणि तिथून डावीकडे, बरगड्यांच्या आड असतो. अन्ननलिका जिथे जठराला मिळते ती जागा शरीराच्या मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटिमीटर डावीकडे, सातव्या बरगडीच्या कूर्चेमागे असते. तिथून जठराचा फुगीर माथा आणखी वर जातो. हा माथा डाव्या स्तनाग्राच्या थोडाच खाली असतो.

खालचं टोक म्हणजे जठरातून लहान आतड्यात जाण्याचं दार. माणूस आडवा झोपलेला असताना हे दार छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या साधारण मधोमध, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे असतं. म्हणजे जठर डावीकडे वरून सुरू होतं आणि तिरकं खाली येत उजवीकडे वळतं. इंग्रजी 'जे' अक्षरासारखा त्याचा आकार दिसतो तो यामुळेच.

चरकसंहितेतही आमाशयाची जागा नाभी आणि स्तन यांच्या मधली सांगितली आहे. आजच्या स्कॅनशी हे वर्णन बऱ्यापैकी जुळतं.

शेजारी कोण राहतं?

मुंबईतल्या चाळीसारखीच पोटातही जागा कमी आणि शेजार दाटीचा. जठराच्या वर श्वासपटल हा घुमटासारखा पातळ स्नायू आहे आणि त्याच्या वर हृदय व डावं फुप्फुस. समोर उजव्या बाजूने यकृताचा डावा भाग जठरावर येतो. डावीकडे मागे प्लीहा. पाठीमागे स्वादुपिंड, डावं मूत्रपिंड आणि त्याच्या डोक्यावरची अधिवृक्क ग्रंथी. खाली मोठ्या आतड्याचा आडवा भाग.

हा शेजार लक्षात घेतला की रोजच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. लग्नात भरपेट जेवल्यावर थोडा वेळ दम लागल्यासारखं का होतं? कारण भरलेलं जठर श्वासपटलाला वर ढकलतं आणि फुप्फुसाला पसरायला जागा कमी पडते. स्वादुपिंडाला सूज आली की वेदना पोटातून थेट पाठीत का जाते? कारण ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं.

एक पिशवी, चार भाग

मोठ्या माणसाचं जठर साधारण २५ सेंटिमीटर लांब असतं. रिकामं असताना ते आक्रसलेलं असतं आणि त्याच्या आतल्या अस्तराला चुण्या पडलेल्या असतात. जेवण आलं की या चुण्या उलगडतात आणि जठर आरामात एक ते दीड लिटर माल सामावून घेतं. नवजात बाळाच्या जठराची क्षमता मात्र जेमतेम ३० मिलिलिटर असते. तान्ह्या बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, त्याचं एक कारण हे आहे.

जठराचे ढोबळमानाने चार भाग पडतात.

पहिला, अन्ननलिका जिथे उघडते तो प्रवेशाचा भाग. इथे एक झडपेसारखी व्यवस्था असते. ती ढिली पडली की आम्ल वर अन्ननलिकेत येतं आणि छातीत जळजळ होते. म्हणजे ज्याला आपण 'पोटाची ॲसिडिटी' म्हणतो, त्यातली बरीचशी जळजळ जठरात नसते, ती अन्ननलिकेत होत असते.

दुसरा, वरचा फुगीर माथा. गिळलेली हवा इथे जमा होते. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला श्वासपटलाखाली जो काळा फुगा दिसतो तो हाच. ढेकर निघतो तोही इथल्या हवेचा.

तिसरा, मधला मोठा भाग. आम्ल आणि पाचक रस प्रामुख्याने या भागात आणि माथ्यात तयार होतात.

चौथा, खालचा निमुळता भाग. अन्नाची घुसळण इथे सगळ्यात जोरात चालते. त्याच्या शेवटी आतड्याकडे उघडणारं, जाड स्नायूचं गोल दार असतं.

घाटकोपर मेट्रो स्टेशनवर गर्दीच्या वेळी प्रवाशांना थांबवून थोडेथोडे आत सोडतात, तसंच काम हे दार करतं. अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक होईपर्यंत ते त्यांना सहसा पुढे जाऊ देत नाही. पाणी मात्र पटकन निघून जातं. साधं जेवण रिकामं व्हायला दोन ते चार तास लागतात आणि तेलकट असेल तर त्याहून जास्त. संध्याकाळी खाल्लेल्या भजीपावाची ढेकर रात्री उशिरापर्यंत येत राहते ती यामुळेच.

आम्ल इतकं तीव्र, तरी जठर विरघळत का नाही?

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. रिकाम्या पोटी त्याचा सामू दीड ते दोनच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहून आम्लधर्मी असतो. त्यात मांसही पचतं. तरी जठर शाबूत राहतं याचं श्रेय त्याच्या भिंतीला.

ही भिंत चार थरांची आहे. सगळ्यात आतलं अस्तर स्वतःभोवती चिकट श्लेष्म्याचा आणि आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटचा लेप तयार करतं. शिवाय या अस्तराच्या पृष्ठभागावरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. त्याखाली रक्तवाहिन्यांचा थर. मग स्नायूंचा थर, ज्यात उभे, गोल आणि तिरपे अशा तिन्ही दिशांचे तंतू असतात. पचनमार्गाच्या इतर भागांत मुख्यतः दोनच दिशांचे तंतू असतात. तिसऱ्या दिशेमुळे जठराला अन्न पिळता आणि घुसळता येतं. सगळ्यात बाहेर एक गुळगुळीत आवरण.

या लेपाला धक्का लावणाऱ्या दोन गोष्टी प्रामुख्याने ओळखल्या जातात. एक, वेदनाशामक गोळ्यांचा वारेमाप वापर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं श्लेष्मा तयार करणारी यंत्रणाच कमकुवत करतात. लोकलच्या धक्क्यांनी पाठ आखडली म्हणून रोज गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पूर्वी समजूत होती की अल्सर तिखट खाण्याने आणि ताणतणावाने होतो. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ती खोटी ठरवली. १९८४ मध्ये मार्शल यांनी या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा संसर्ग भारतात भरपूर आढळतो आणि तपासणीत निघाला तर ठरावीक दिवसांच्या औषधांनी बरा होतो. म्हणून वारंवार होणाऱ्या त्रासावर नुसत्या ॲन्टासिडचा मारा करत राहणं योग्य नाही.

जठराच्या याच अस्तरातून आणखी एक पदार्थ तयार होतो. तो नसेल तर खाण्यातलं बी-१२ जीवनसत्त्व आतड्यात नीट शोषलं जात नाही. जठराचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांना बी-१२ बाहेरून द्यावं लागतं ते यासाठी.

जठर जागा बदलतं का?

हो, पण 'बेंबी सरकली' म्हणतात तसं नाही. बेंबी ही नाळ जिथे जोडलेली होती तिथली खूण आहे. ती सरकत नाही आणि ती 'बसवल्याने' कोणताही आजार बरा होत नाही. असा जोरात दाब देऊन चोळण्याने उलट अपेंडिक्ससारख्या आजारात धोका वाढू शकतो.

जठर मात्र खरंच हलतं. त्याची दोन टोकं बऱ्यापैकी जागेवर असली तरी मधला भाग सैल असतो. माणूस उभा राहिला की जठर खाली लोंबतं आणि भरलेलं असेल तर त्याची खालची कड बेंबीपर्यंत किंवा तिच्याही खाली येऊ शकते. उंच, सडपातळ माणसांत ते लांबट आणि खालपर्यंत असतं. बुटक्या, रुंद बांध्याच्या माणसांत ते वर आणि जास्त आडवं असतं. गरोदरपणात वाढणारं गर्भाशय त्याला वर ढकलतं आणि म्हणूनच शेवटच्या महिन्यांत जळजळ वाढते. क्वचित, साधारण दहा हजारांत एखाद्या व्यक्तीत, शरीरातले सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. अशा व्यक्तीचं जठर उजवीकडे असतं.

वामकुक्षी डाव्याच कुशीवर का?

दुपारच्या जेवणानंतरच्या डुलकीला मराठीत वामकुक्षी म्हणतात. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. या शब्दामागे शरीररचनेचा पक्का आधार सापडतो.

डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर येतं. आम्लाला वर चढणं अवघड जातं. उजव्या कुशीवर उलटं होतं. ज्यांना रात्री आंबट पाणी घशाशी येतं, त्यांना डाव्या कुशीवर झोपल्याने आणि उशीकडची बाजू थोडी उंच केल्याने फरक पडतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे.

अर्थात रात्री अकराला कामावरून बोरिवलीला पोचायचं, जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, हा अनेकांचा दिनक्रम आहे. अशांसाठी उपाय एकच. पोटभर जेवण संध्याकाळी डब्यात उरकायचं, घरी पोचल्यावर हलकं खायचं आणि झोपण्यापूर्वी शक्य तेवढा वेळ, जमल्यास दोन-तीन तास, मध्ये ठेवायचा.

'गॅस' समजून हृदय दुर्लक्षित होतं ते इथेच

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जठराचा माथा आणि हृदयाचा तळ यांच्यामध्ये फक्त श्वासपटल आहे. दोन्ही अवयवांच्या वेदनेचे संदेश मज्जारज्जूत एकमेकांना लागून असलेल्या आणि काही ठिकाणी एकमेकांत मिसळणाऱ्या पातळ्यांवर पोचतात. कातडीला सुई टोचली तर मेंदू नेमकी जागा सांगतो, पण आतल्या अवयवांबाबत तो गोंधळतो. त्यामुळे हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की काहींना छातीत कळ येतच नाही. त्यांना छातीखालच्या खळग्यात दाब जाणवतो, मळमळतं, उलटी होते, ढेकर येतात. अगदी ॲसिडिटीसारखं.

मधुमेही, वयस्कर व्यक्ती आणि स्त्रियांमध्ये अशी फसवी लक्षणं जास्त दिसतात.

मग ओळखायचं कसं? घरबसल्या खात्रीने ओळखता येत नाही, हेच खरं उत्तर आहे. पण पुढीलपैकी काहीही असेल तर ते 'गॅस' धरून चालू नये:

• दुखण्याबरोबर दरदरून घाम फुटणं, दम लागणं, चक्कर येणं
• वेदना जबडा, खांदा, हात किंवा पाठीकडे जाणं
• जिना चढताना किंवा लोकलसाठी धावताना दुखणं आणि थांबल्यावर कमी होणं
• आधी कधीच नव्हती अशी जळजळ अचानक, जोरात सुरू होणं, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान असेल तर

ॲन्टासिड घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असंही नाही. अशा वेळी लगेच ईसीजी काढणं गरजेचं. पहिला ईसीजी व्यवस्थित आला तरी डॉक्टर तो पुन्हा काढायला आणि रक्ततपासणी करायला सांगू शकतात. ती टाळू नये. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, कांदिवलीचं शताब्दी ही उपनगरांतली पालिकेची मोठी रुग्णालयं. रुग्णाने स्वतः बाइक चालवत किंवा लोकलने जाऊ नये.

जठर लहान केलं तर?

मार्च २०१७ मध्ये मुंबईतल्या चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात इजिप्तहून आलेल्या, अतिलठ्ठपणाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका महिलेवर शस्त्रक्रिया झाली. ही बातमी जगभर गेली. ती शस्त्रक्रिया होती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराच्या डावीकडच्या मोठ्या बाकाच्या बाजूने सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी.

वजन कमी होतं ते फक्त जागा कमी झाल्यामुळे नाही. काढलेल्या भागात, विशेषतः माथ्यात, भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक तयार होतं. तो भागच गेल्याने भूकही मंदावते. ही शस्त्रक्रिया पुन्हा पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे ती सौंदर्यासाठी करायची नसते, वैद्यकीय निकषांत बसणाऱ्यांसाठीच असते.

आणि हो, ढेरी म्हणजे मोठं झालेलं जठर नव्हे. जठराच्या मोठ्या बाकापासून एप्रनसारखा एक पडदा आतड्यांवर लोंबतो. त्याच्यात, आतड्यांभोवती आणि कातडीखाली साठलेली चरबी म्हणजे ढेरी. पाणी पिऊन किंवा उपास करून जठर 'लहान' केल्याने ती जात नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं?

शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ दिसणं, घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं, दोन आठवड्यांहून जास्त गोळ्या घ्याव्या लागणं. यातलं काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरकडे जावं. गरज असेल तर ते एंडोस्कोपी करतात, म्हणजे तोंडावाटे कॅमेरा घालून जठर आतून पाहतात. तपासणी काही मिनिटांचीच असते. यातली काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर मात्र वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

डॉक्टरांना सांगताना 'पोट दुखतंय' एवढंच सांगू नका. एका बोटाने जागा दाखवा. दुखणं कधी सुरू झालं, जेवल्यावर वाढतं की कमी होतं, चालल्यावर काय होतं, कुठे पसरतं आणि कोणत्या गोळ्या आधीच घेतल्यात, हे सांगा. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर डॉक्टर पित्ताशयाचा विचार करतील. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं असेल तर अपेंडिक्सचा. छातीखालच्या खळग्यात असेल तर जठराचा, आणि त्याचबरोबर हृदयाचाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)